हेवेशी: ज्याला शिसं वेगळं करता आलं नाही

घरात किंवा ओळखीत कुणाचा तरी बोन स्कॅन झालेला असेल. आधी हातात इंजेक्शन, मग दोन-तीन तास वाट बघायची, मग मशीन. इंजेक्शनमध्ये थोडासा किरणोत्सारी पदार्थ असतो आणि तो हाडांत कुठे जाऊन बसला हे मशीन बघतं. या पद्धतीचं मूळ हंगेरियन केमिस्ट जॉर्ज दे हेवेशीच्या एका फसलेल्या कामात आहे.

१९११, मँचेस्टर. पंचविशीतला हेवेशी रदरफोर्डच्या लॅबमध्ये आला. तिथे ऑस्ट्रियाकडून आलेलं भरपूर शिसं पडून होतं. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला. रदरफोर्डने त्याला काम दिलं: तो वेगळा काढ. हेवेशीने जवळजवळ दोन वर्षं घालवली, माहीत असलेल्या सगळ्या पद्धती वापरल्या. काही झालं नाही. होणारच नव्हतं, कारण रेडियम-डी म्हणजे शिसंच, फक्त वेगळ्या वजनाचं. आज आपण त्याला शिसं-२१० म्हणतो. आयसोटोप हा शब्दसुद्धा १९१३ मध्ये आला!

मग त्याने प्रश्नच उलटा केला. वेगळं होत नाही ना? मग साध्या शिशात मुद्दाम मिसळू. शिसं जाईल तिथे हेही जाणार आणि किरणांमुळे यंत्राला सापडणार. कोडमध्ये ठिकठिकाणी प्रिंट टाकून आपण डेटा कुठे पोचला ते बघतो ना, अगदी तसंच. १९१३ मध्ये व्हिएन्नात पानेथसोबत त्याने हे करून दाखवलं.

त्याने स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. मेसची मालकीण उरलेलं मटण पुन्हा वाढते असा त्याला संशय होता. त्याने ताटातल्या उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि काही दिवसांनी नवीन जेवण यंत्राने तपासलं. मालकीण पकडली गेली! (घरी करू नका.)

१९२३ मध्ये त्याने घेवड्याच्या रोपात शिसं कसं चढतं ते मोजलं. त्याच वर्षी कोस्टरसोबत हाफ्नियम हे मूलद्रव्य शोधलं. पण शिसं विषारी, प्राण्यांना कसं देणार? १९३५ मध्ये कोपनहेगनमध्ये त्याने उंदरांना फॉस्फरस-३२ दिला आणि दिसलं की हाडं दगडासारखी स्थिर नसतात. त्यांच्यातला फॉस्फरस सतत आत-बाहेर होत असतो.

१९४३चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. १९६६ मध्ये तो वारला. आजच्या बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम असतं, आणि ते हाडांपर्यंत नेणारं संयुग फॉस्फरसचंच असतं.