कासवांच्या किनाऱ्याचा रक्षक : डॉ. आर्ची कार

सागरी कासवांच्या रक्षणाचा विचार जगभर रुजवणारे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डॉ. आर्ची कार यांचा जन्म १६ जून १९०९ रोजी अलाबामा राज्यातील मोबिल येथे झाला. १९३७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तेथेच अध्यापन केले.

विसाव्या शतकाच्या मध्यास कॅरिबियन समुद्रातील हिरवी कासवे मांस आणि सूप यांसाठी बेसुमार मारली जात होती. कोस्टारिकातील तोर्तुगेरो हा त्यांच्या विणीचा प्रमुख किनारा. रात्री अंडी घालण्यास आलेल्या माद्यांना शिकारी उताण्या करून ठेवत आणि विक्रीसाठी नेत.

१९५५ मध्ये डॉ. कार यांनी येथे माद्यांना धातूचे बिल्ले लावण्यास प्रारंभ केला. बिल्ला परत पाठवणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. बहुतेक बिल्ले निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून, कासवे पकडणाऱ्या कोळ्यांकडूनच आले. कासवे तेथील सागरी गवतावर चरतात आणि विणीसाठी शेकडो किलोमीटर पोहून तोर्तुगेरोला येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. एकट्या देशाच्या प्रयत्नांनी त्यांचे रक्षण होणार नव्हते.

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द विंडवर्ड रोड' या पुस्तकाने प्रभावित झालेल्या वाचकांच्या पुढाकारातून १९५९ मध्ये कॅरिबियन संवर्धन संस्था स्थापन झाली. नौदलाच्या विमानांतून पिल्ले अन्य किनाऱ्यांवर नेऊन सोडण्यात आली. मात्र त्यातून तेथे नव्या वसाहती निर्माण झाल्या नाहीत. त्यामुळे मूळ किनारा जपण्याचे महत्त्व अधोरेखित झाले. १९७५ मध्ये तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यानाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

२१ मे १९८७ रोजी डॉ. कार यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९९१ मध्ये कासवांसाठी अभयारण्य उभारण्यात आले.

एकेकाळी कासवांच्या व्यापारावर जगणाऱ्या तोर्तुगेरोत आज अनेक ग्रामस्थ पर्यटकांना कासवे दाखवणारे मार्गदर्शक आहेत. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हिरव्या कासवाला संकटग्रस्त प्रजातींच्या श्रेणीतून वगळून किमान चिंतेच्या श्रेणीत ठेवले. तथापि, काही भागांत त्यांची संख्या अद्यापही घटत असल्याने किनाऱ्यांवरील पहारा सैल करता येणार नाही.