इमाम खतीब बगदादी (रह.) : तपासाआधीची तयारी

हदीसशास्त्राच्या इतिहासात इमाम अबू बक्र अहमद इब्न अली, अर्थात खतीब बगदादी (रह.) यांचे स्थान फार मोठे आहे. त्यांचा जन्म हिजरी ३९२ (इ.स. १००२) मध्ये झाला. वडील बगदादजवळील दरजीजान गावी खुत्बा देत असत. अकराव्या वर्षीच ते हदीसच्या मजलिसीत बसू लागले.

तेविसाव्या वर्षी ज्ञानासाठी दूर प्रवास करण्याचा बेत त्यांनी आखला. इजिप्तला जावे की निशापूरला, हे त्यांनी आपले उस्ताद बरकानी (रह.) यांना विचारले. इजिप्तला जाणे एकाच बुजुर्गासाठी होईल आणि त्यांची भेट हुकली तर सारे श्रम वाया जातील. निशापूरला मात्र अनेक विद्वान आहेत, एक न भेटला तरी दुसरा भेटेल, असे उस्तादांनी समजावले. खतीब निशापूरला गेले. पुढे इस्फहानला निघाले तेव्हा उस्तादांनी अबू नुऐम (रह.) यांच्या नावे परिचयपत्रही दिले. कोठे कोण आहे, कोणाजवळ काय आहे, हे जाणल्यावाचून पाऊल उचलू नये, हा धडा त्यांना असा मिळाला.

या तयारीचे मोल हिजरी ४४७ मध्ये दिसून आले. खलीफांचे वजीर इब्न मुस्लिमा यांच्यापुढे एक पत्र आले. पैगंबर (स.) यांनी खैबरच्या यहुदींना जिझिया माफ केल्याचे त्यात लिहिले होते. लेखन हजरत अली (रजि.) यांच्या हातचे असल्याचा दावा होता आणि साक्षीदार म्हणून सहाबांची नावे होती. वजिरांनी ते खतीब यांना दाखविले. त्यांनी ते बनावट ठरविले. साक्षीदारांत हजरत मुआविया (रजि.) होते, ते मक्काविजयाच्या वर्षी, हिजरी ८ मध्ये मुसलमान झाले, तर खैबर हिजरी ७ मधले. दुसरे साक्षीदार हजरत सअद इब्न मुआज (रजि.) यांचे निधन तर हिजरी ५ मध्येच झाले होते. पत्र कोणी आणले यावर नव्हे, तर साक्षीदारांच्या हयातीच्या हिशेबावर हा निकाल उभा होता. तो हिशेब त्यांना पत्र हाती येण्यापूर्वीच ठाऊक होता.

हीच दृष्टी त्यांच्या ‘तारीख बगदाद’ या ग्रंथात आहे. त्यात सात हजारांहून अधिक व्यक्तींची चरित्रे आहेत. रावी कोण, कोठला, कोणाला भेटला, हे कळल्याशिवाय त्याच्या कथनाची पारख होत नाही.

बगदादमधील बंडाळीमुळे हिजरी ४५१ मध्ये ते दमास्कसला गेले. अखेरीस बगदादला परतले. हिजरी ४६३ (इ.स. १०७१) मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी आपले ग्रंथ वक्फ केले आणि धन हदीसच्या सेवकांना वाटून दिले. हजरत बिश्र हाफी (रह.) यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

आज पैगंबर (स.) यांच्या नावाने एखादे वचन हाती येताच आपण ते क्षणात पुढे पाठवितो. खबर आली की आधी खातरजमा करा, ही कुरआनची शिकवण आहे. अल्लाह आपणा सर्वांना तिच्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.