शेजारधर्म जाणणारी चांदबिबी

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या उत्तरेस पाथरी आणि दक्षिणेस सोनपेठ अशी दोन गावे आहेत. आज ती तालुक्याची ठिकाणे असून आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथे बाजारासाठी निर्धास्तपणे येतात. परंतु सोळाव्या शतकात या परिसराला अशी शांतता लाभली नव्हती. शेजारी राज्यांची सैन्ये या भूमीवर पुनःपुन्हा एकमेकांशी भिडत होती. शेजाऱ्याशेजाऱ्यांत युद्धे का पेटतात आणि ती कशाने टळतात, हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्या काळातील एका थोर स्त्रीचे चरित्र अभ्यासावे लागेल. ती स्त्री म्हणजे चांदबिबी.

बहामनी राज्य मोडले आणि त्यातून पाच राज्ये निर्माण झाली. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बीदरची बरीदशाही, ही ती पाच राज्ये होत. एका शेताचे पाच वाटे व्हावेत, पण बांध कोठे घालावा हे मात्र ठरू नये, तशी त्यांची स्थिती झाली. पाथरी हे निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव. परंतु ते होते इमादशाहीच्या मुलखात. बुऱ्हाण निजामशहाने दुसरा प्रदेश घेऊन पाथरी द्यावी, अशी मागणी केली. ती नाकारली गेली, तेव्हा १५१८ साली त्याने पाथरी बळाने घेतली. पुढे इमादशहाने ती परत मिळवली आणि पुन्हा गमावली. शेवटी त्याने गुजरातच्या सुलतानाला मदतीस बोलावले आणि घरच्या भांडणात परका शिरला.

सोलापूरची कथाही अशीच आहे. १५२४ साली विजापूरची राजकन्या अहमदनगरला दिली गेली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. त्या एका मोडलेल्या शब्दापायी दोन्ही राज्ये सुमारे चाळीस वर्षे झुंजत राहिली.

अशा काळात, १५५० च्या सुमारास, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या पोटी चांदबिबीचा जन्म झाला. पुढे विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला, तेव्हा तिच्या पित्याने सोलापूरचा किल्ला खरोखरच आंदण दिला. अलीची बहीण अहमदनगरच्या राजपुत्राला दिली गेली. शब्द पाळला गेला आणि जुने वैर काही काळ शमले. परंतु हे सख्य मुख्यतः विजयनगरच्या राज्याविरुद्ध लढण्यासाठी झाले होते. १५६५ साली विजयनगरचा पराभव होताच मित्रांचे पुन्हा शत्रू झाले. दोघांचे सख्य केवळ तिसऱ्याला पाडण्यासाठी असेल, तर तिसरा पडल्यावर ते टिकत नाही, हे चांदबिबीने तरुणपणीच पाहिले.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आला. चांदबिबीने त्याचे पालन केले आणि राज्यकारभार सांभाळला. कारस्थानी सरदारांनी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. परंतु ती सुटून आली व शेजाऱ्यांनी विजापूरवर केलेले आक्रमण तिने धीराने परतवले. त्यानंतर काही वर्षांनी ती माहेरी, अहमदनगरला, परतली.

तेथेही दुहीच माजली होती. १५९५ साली अहमदनगरचा सुलतान विजापूरशी लढताना मारला गेला. सरदारांत चार तट पडले आणि त्यांपैकी एकाने अकबर बादशहाचा पुत्र मुराद याला मदतीस बोलावले. मोगल फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला. तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी काही किल्ल्यातील लोकांनी शोधून निकामी केले. पण एक उडाला आणि भिंतीला मोठे खिंडार पडले. त्या वेळी चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन व हाती तलवार धरून खिंडारात उभी राहिली. दिवसभर शत्रूला रोखून तिने रातोरात भिंत पुन्हा उभारली.

तिचा हा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिचे दुसरे कार्य याहूनही अवघड होते. ज्या विजापूरशी कालच युद्ध झाले होते, त्याच विजापूरला आणि गोवळकोंड्यालाही तिने मदतीची हाक दिली. दोघांनीही सैन्य धाडले. ते येत आहे असे कळताच मोगलांनी तहाची बोलणी केली. १५९६ साली वऱ्हाड देऊन अहमदनगर वाचले.

दुर्दैवाने या तहानंतरही जुनाच प्रश्न डोके वर काढू लागला. मोगलांनी पाथरी ताब्यात घेतली. तो प्रदेश आपण दिलेलाच नाही, असे अहमदनगरचे म्हणणे होते. पंच नेमून हद्द ठरवण्याची सोय नव्हती. म्हणून निवाडा तलवारीवर गेला. १५९७ साली सोनपेठजवळ गोदावरीकाठी दोन दिवस घनघोर लढाई झाली. अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा यांची सैन्ये एकत्र लढली, तरी अखेर मोगलांचा जय झाला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरला पुन्हा वेढा दिला. व्यर्थ रक्तपात टाळून तह करावा, असे चांदबिबीचे मत होते. परंतु ती शत्रूला मिळाली, अशी आवई एका सरदाराने उठवली आणि चिडलेल्या जमावाने तिचा वध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. चाळीस वर्षे उलटली नाहीत तोच निजामशाही लयाला गेली. पुढे १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडाही मोगलांच्या हाती पडले.

जगात काही प्रदेश असे आहेत की, तेथे शेजारी देशांत युद्धे क्वचितच होतात. दक्षिण अमेरिकेतील चिली आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये अँडीज पर्वताची हजारो मैलांची सीमा आहे. तिच्यावरून वाद वाढला, तेव्हा दोघांनी इंग्लंडच्या राजाला पंच मानले आणि १९०२ साली त्याचा निवाडा स्वीकारला. आरमारे वाढवावयाची नाहीत, असाही करार त्यांनी केला. १९०४ साली पर्वतावरील सीमेवर त्यांनी ख्रिस्ताचा पुतळा उभारला. १९७८ साली काही बेटांवरून युद्धाचा प्रसंग आला होता. परंतु पोपच्या मध्यस्थीने तो टळला व १९८४ साली करार झाला. त्या दोन देशांना भांडणाची कारणे नव्हती असे नाही. भांडण मिटवण्याची वाट त्यांनी आधीच आखून ठेवली होती.

दख्खनच्या राज्यांपाशी शौर्य होते, संपत्ती होती, परस्परांचे नातेही होते. स्पष्ट हद्द, पाळलेला शब्द आणि दोघांनाही मान्य असा पंच मात्र नव्हता. चांदबिबीने एकटीने ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. भिंतीचे खिंडार तिला एका रात्रीत बुजवता आले. शेजाऱ्यांच्या मनांतील खिंडार बुजवण्यास मात्र एकटीचे आयुष्य अपुरे पडले.