पोर्ट्रेट मोड नको असलेला माणूस

गोलाणी मार्केटला मोबाईल घ्यायला गेलेल्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? धुळ्यात आग्रा रोडवरही वेगळं काही नाही. मग घरी आल्यावर एडिटिंगचं अ‍ॅप, फिल्टर, बॅकग्राउंड बदलणं. आपल्या चाळीसगावचे केकी मूस खोटं जग उभं करायचं हेच काम सॉफ्टवेअरशिवाय करायचे, आणि तेही घराबाहेर न पडता.

पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईतल्या पारशी कुटुंबात. इंग्लंडला जाऊन शेफिल्डच्या बेनेट कॉलेजात ते कमर्शियल आर्ट शिकले, जग बघितलं आणि चाळीसगावच्या घरी परतले. पुढची जवळपास पन्नास वर्षं त्यांनी ते घर सोडलंच नाही म्हणा ना! बाहेर पडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. चित्रकला, शिल्प, सतार असं बरंच काही त्या घरात चालायचं. पण नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीमुळे.

म्हणजे काय, तर टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, दिवा आणि सावली जमवायची, आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला ते खरंखुरं दृश्य वाटावं. ऐकायला सोपं आहे. पण वस्तू इतक्या जवळ असली की लेन्सला तिचा एखादाच भाग स्पष्ट दिसतो, मागचं-पुढचं धूसर होतं आणि खेळणं हे खेळणंच दिसतं. ते टाळायला लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. छिद्र बारीक केलं की उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं. तेवढ्यात टेबलाला धक्का लागला की फोटो गेला, आणि गेला हे कळणार कधी, तर फिल्म धुतल्यावर! आपण पोर्ट्रेट मोड म्हणून जो धूसरपणा मिरवतो, तो या कामात शत्रू असतो.

त्यांना तीनशेच्या आसपास बक्षिसं मिळाली असं सांगतात. विच ऑफ चाळीसगाव हा फोटो तर खूपच गाजला.

गावात मात्र दुसरीच गोष्ट जास्त चालते. मुंबईची एक मुलगी पंजाब मेलने येणार म्हणाली होती, आणि हे रोज रात्री त्या गाडीची वाट बघायचे. (योगायोग बघा, पंजाब मेलही १९१२ मध्येच सुरू झाली.) रील्स बनतात त्या याच गोष्टीच्या. बनू देत, पण त्यात मूस नुसते झुरणारे प्रेमवीर होऊन बसतात आणि त्यांचं ते टेबल कुणाला आठवत नाही. मला ही अदलाबदल खटकते. आणि खरं सांगायचं तर, माणसाने स्वतःला इतकं कोंडून घ्यावं हेही मला पटत नाही. जग बघून आलेल्या माणसाला बाहेरचा उजेड, बाहेरची माणसं नकोशी का झाली असतील? गाडीच्या गोष्टीने याचं उत्तर मिळतं असं मला वाटत नाही.

३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्यांचं घर आता कलादालन आहे, स्टेशनपासून जवळच. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वे आहे, आणि जळगावकरांना तर ते मुंबईच्या वाटेवरच लागतं.