नाण्यांना मार्क देणाऱ्यानेच नाणी बदलली! कोण होते विल्यम शेल्डन?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये बसून जुनं नाणं ऑनलाइन मागवलं, तर ते अनेकदा सीलबंद प्लास्टिकच्या डबीत येतं. डबीवर ७० पैकी मार्क असतात. ही पद्धत विल्यम शेल्डन यांची.

१८९८ मध्ये अमेरिकेत जन्मलेले शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होते. छंद मात्र जुन्या तांब्याच्या सेंटचा. या सेंटची किंमत ठरवायला त्यांनी १९४९ मध्ये १ ते ७० ही मोजपट्टी मांडली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. पीसीजीएस, एनजीसी या कंपन्याही तीच वापरतात.

१९७७ मध्ये शेल्डन वारले. त्यानंतर उघड झालं की, अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून त्यांनी तिथे कमी दर्जाची नाणी ठेवली होती. जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर ही अदलाबदल पकडली गेली.

म्हणून अनोळखी कंपनीची डबी हातात आली, तर मार्कांआधी तीन गोष्टी तपासा. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर सापडतो का? तिथला फोटो याच नाण्याचा आहे का? आणि मार्क देणारा व नाणं विकणारा एकच तर नाही ना?