उपग्रहाचा सेन्सर खरं सांगतोय की नाही, हे आजही किरचॉफच्या नियमावर तपासतात

चक्रीवादळ आलं की उपग्रहाचे फोटो व्हायरल होतात. त्यातले बरेचसे इन्फ्रारेड सेन्सरने टिपलेले असतात. ढगाचा माथा किती थंड, समुद्र किती गरम, हे तोच सांगतो. पण अंतराळात सेन्सर हळूहळू बदलतो, आणि त्याला तपासायला खाली आणता येत नाही. वादळाचा अंदाज तर त्याच्याच आकड्यांवर बांधायचा असतो. मग करायचं काय?

उत्तराची सुरुवात होते गुस्ताव किरचॉफ यांच्यापासून.

जन्म १२ मार्च १८२४, प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये. बारावीच्या फिजिक्समध्ये घाम फोडणारे सर्किटचे नियम यांचेच. ते त्यांनी १८४५ साली, विद्यार्थी असतानाच मांडले. पुढे हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्याशी जोडी जमली. ज्योतीचा प्रकाश प्रिझममधून बघत दोघांनी सिझियम आणि रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं शोधली.

याच काळात किरचॉफ यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जो पदार्थ उष्णतेचे किरण चांगले शोषतो, तोच ते चांगले बाहेरही टाकतो. मग सगळंच शोषून घेणारा पदार्थ असेल तर? त्यातून निघणारे किरण फक्त तापमानावर ठरतील. तो कशाचा बनलाय, याने फरक पडणार नाही. त्याला त्यांनी नाव दिलं ब्लॅक बॉडी, म्हणजे कृष्ण पदार्थ.

१८६८ मध्ये अपघातात पाय जायबंदी झाला आणि कुबड्या, चाकाची खुर्ची नशिबी आली. पुढच्याच वर्षी पत्नी क्लारा गेल्या, पदरात चार मुलं होती. प्रयोग करणं अवघड झालं, म्हणून १८७५ मध्ये ते बर्लिनला थिअरी शिकवायला गेले. १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा कोणत्या तापमानाला नेमके किती किरण निघतात, हे कोडं सुटलेलं नव्हतं. ते सोडवलं बर्लिनमध्ये त्यांच्याच जागी आलेल्या मॅक्स प्लँक यांनी, १९०० साली.

आज अनेक उपग्रहांमध्ये एक काळी प्लेट असते. तिला थर्मामीटर चिकटवलेले असतात. सेन्सर आधी तिच्याकडे बघतो, मग रिकाम्या, गारठलेल्या अंतराळाकडे. दोन्हीकडून किती किरण यायला हवेत हे आधीच माहीत असतं. त्या दोन खुणांवरून सेन्सरची मोजपट्टी पुन्हा जुळवली जाते. याला म्हणतात कॅलिब्रेशन.

ती काळी प्लेट म्हणजे किरचॉफ यांचा कृष्ण पदार्थच, शक्य तितका हुबेहूब घडवलेला.