सवाई गंधर्व

गळा गोड असेल तरच गावे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो खोटा ठरविणारे गायक म्हणजे कै. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व.

त्यांचा जन्म १८८६ सालचा. गाव धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ, मातृभाषा कानडी. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांजकडे त्यांना किराणा घराण्याची तालीम मिळाली. लहानपणचा गोड गळा वयात येताना फुटला. आवाज जड व खरखरीत झाला. पण रामभाऊंनी हाय खाल्ली नाही. अखंड मेहनतीने त्यांनी तो आवाज वश करून घेतला.

पुढे गुरूंच्या मनाविरुद्ध ते नाटकमंडळीत गेले. कानडी घरातील या तरुणाने मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविल्या. ‘सौभद्रा’तील सुभद्रा ही त्यांतलीच एक. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली.

रंगभूमी सोडल्यावर ते मैफलीत व विद्यादानात रमले. भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर हे त्यांचे शिष्य. गंगूबाई हनगल तर हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकण्यास जात. १९४२ साली अर्धांगवायूने रामभाऊंच्या मैफली थांबल्या व १९५२ साली ते निवर्तले. पुढील वर्षापासून पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव सुरू झाला.

गंगूबाईंचाही आवाज पुढे पुरुषी, भरदार झाला आणि तोच त्यांची ओळख ठरला. आपला आवाज बरा नाही म्हणून भजनात मागे बसणाऱ्या भगिनींनी या गुरुशिष्यांचे स्मरण ठेवावे व खुशाल पुढे यावे.